हार्लेममधील परग्रहवासी : अल्पखर्ची अद्भुतपटातील प्रतिनिधित्वाचा प्रश्न

अद्भुतरसप्रधान चित्रपट हा वास्तवापासून सर्वांत दूर असलेला चित्रप्रकार होय, आणि म्हणून समाजातील विषमतेचे प्रतिबिंब त्यात शोधणे व्यर्थ होय, असा एक समज रूढ आहे. हा समज तपासून पाहिला असता टिकत नाही. ऐतिहासिक किंवा कौटुंबिक चित्रपटात एखाद्या समाजाला स्थान दिले नाही, तर निर्मात्याला निदान एवढे म्हणता येते की, त्या काळी त्या ठिकाणी ती माणसे नव्हतीच. अद्भुतपटाला ही सबब उपलब्ध नाही. तेथे ग्रह कल्पित असतो, राज्य कल्पित असते, प्राणी कल्पित असतात. अशा सर्वस्वी कल्पित सृष्टीतही नायक ठरावीक वर्णाचा आणि सेवक ठरावीक वर्णाचाच निघाला, तर ती निवड परिस्थितीने लादलेली नसून कल्पना करणाऱ्याच्या मनातून आलेली असते. अद्भुतपटात पूर्वग्रह अधिक उघडा पडतो तो ह्यामुळे.

ह्या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे, ती खर्चाची. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटात कृष्णवर्णीय नायक का नाही, असे विचारले असता बाजाराकडे बोट दाखविले जाते. एवढे भांडवल परत मिळवावयाचे तर परिचित तारा हवा, आणि परिचित तारे तर श्वेतवर्णीयच, असा हा युक्तिवाद असतो. अल्प खर्चाच्या चित्रपटाजवळ ताऱ्याला देण्याइतका पैसाच नसतो, आणि म्हणून ह्या सबबीपासून तो मुक्त असतो. तेव्हा प्रौढ प्रेक्षकांसाठी काढलेला अल्पखर्ची अद्भुतपट हे प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाचा विचार करण्यास अत्यंत सोयीचे क्षेत्र आहे. प्रस्तुत विवेचनासाठी जॉन सेल्स ह्या अमेरिकन लेखक-दिग्दर्शकाचा १९८४ मधील 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' हा चित्रपट मुख्यत्वे घेतला आहे. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) आणि 'गांजा अँड हेस' (१९७३) हे त्याचे दोन पूर्वसूरी तुलनेसाठी विचारात घेतले आहेत.

संज्ञांचा विचार

इंग्रजीत ज्या एका शब्दाने हा सर्व प्रश्न सांगितला जातो, त्याच्या पोटात निरनिराळे अर्थ एकत्र नांदतात आणि त्यामुळे चर्चेत पुष्कळ गोंधळ होतो. मराठीत ह्यासाठी तीन वेगळे शब्द हाताशी आहेत. पहिला उपस्थिती. पडद्यावर कोणकोणती माणसे दिसतात, एवढाच तिचा विषय. दुसरा चित्रण. जी माणसे दिसतात ती कशी दाखविली आहेत, कोणाला मन आहे, कोणाला केवळ कार्य आहे, हे त्यात येते. तिसरा प्रतिनिधित्व. एखाद्याच्या वतीने बोलण्याचा आणि निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा त्याचा विषय. वकील अशिलाचे प्रतिनिधित्व करतो आणि चित्रकार त्याचे चित्रण करतो. ह्या दोन क्रिया एक नव्हेत.

ह्यांपैकी उपस्थिती मोजता येते. म्हणून तिच्याविषयी अधिक बोलले जाते. परंतु उपस्थितीवरून चित्रणाचा, आणि चित्रणावरून प्रतिनिधित्वाचा निष्कर्ष काढता येत नाही. पडदा कृष्णवर्णीय चेहऱ्यांनी भरलेला असूनही त्यांतील एकालाही अंतःकरण नसणे शक्य आहे. त्याचप्रमाणे चित्रण अत्यंत सहृदय असूनही चित्रपटाचे अंतिम स्वरूप ठरविण्याचा अधिकार तिसऱ्याच कोणाकडे असणे शक्य आहे.

चित्रपटाची निर्मिती

जॉन सेल्स हा मूळचा कथा-कादंबरीकार. रॉजर कॉर्मन ह्या स्वस्त चित्रपटांच्या प्रसिद्ध निर्मात्याकडे त्याने पटकथालेखनाची उमेदवारी केली. 'पिरान्हा' (१९७८) आणि 'बॅटल बियाँड द स्टार्स' (१९८०) ह्या पटकथा त्या काळातील होत. अशा लेखनातून मिळालेल्या पैशांवर त्याने 'रिटर्न ऑफ द सकॉकस सेव्हन' (१९८०) हा स्वतःचा पहिला चित्रपट काढला. पुढे १९८३ मध्ये त्याला मॅकआर्थर प्रतिष्ठानची पाठ्यवृत्ती मिळाली. पाच वर्षे दरसाल तीस हजार डॉलरहून काहीशी अधिक अशी ही रक्कम होती. ती कशी वापरावी ह्याविषयी कोणतेही बंधन नसल्यामुळे 'द ब्रदर'च्या निर्मितीला तिचा आधार झाला.

चित्रपटाचा एकूण खर्च सुमारे साडेतीन लाख डॉलर होता. परग्रहावरून आलेला आणि पृथ्वीवर अडकून पडलेला प्राणी हाच विषय असलेला स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांचा 'ई. टी.' दोनच वर्षे आधी, १९८२ मध्ये, सुमारे एक कोटी पाच लाख डॉलर खर्चून निघाला होता. म्हणजे त्याच्या तिसाव्या हिश्शात सेल्सने आपले काम भागविले. पटकथा, दिग्दर्शन आणि संकलन ही तिन्ही कामे त्याने स्वतःच केली. पेगी रायस्की आणि मॅगी रेन्झी ह्यांनी निर्मितीची जबाबदारी उचलली. छायाचित्रण अर्नेस्ट डिकरसन ह्या तरुण कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने केले. त्याचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होय. नायकाची भूमिका केलेला जो मॉर्टन हा जन्माने हार्लेमचाच. 'रेझिन' ह्या संगीत नाटकातील कामामुळे रंगभूमीवर त्याचे नाव झालेले होते, परंतु चित्रपटाच्या बाजारात तो तारा नव्हता.

पैसा थोडा असल्याचा परिणाम चित्रपटाच्या रूपावर पदोपदी जाणवतो. यानाचे पतन थोडे दिवे आणि अंधार ह्यांवर निभावले आहे. नायकाचे परग्रहीपण त्याच्या पायांना असलेल्या तीन-तीन बोटांपुरते आणि काही अद्भुत शक्तींपुरते मर्यादित आहे. उरलेला सर्व देखावा म्हणजे प्रत्यक्ष हार्लेम. तेथील रस्ते, मद्यगृह, भाड्याच्या खोल्या आणि भुयारी रेल्वे ह्यांतच चित्रपट घडतो. कृत्रिम सृष्टी उभी करण्याची ऐपत नसल्यामुळे खऱ्या वस्तीकडे जावे लागले, आणि खऱ्या वस्तीकडे गेल्यामुळे तेथील माणसे केवळ पार्श्वभूमी न राहता चित्रपटाचा आशय बनली. दारिद्र्य हा कलेचा गुण नव्हे. परंतु येथे त्याने चित्रपटाला एका मोहापासून वाचविले हे खरे.

रूपकाची मांडणी

कथानक थोडक्यात असे. एक मुका परग्रहवासी न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर येऊन पडतो. दिसायला तो कृष्णवर्णीय पुरुष आहे. तो पुढे हार्लेममध्ये पोचतो, तेथील एका मद्यगृहात त्याला आसरा मिळतो, आणि नादुरुस्त यंत्रे केवळ हस्तस्पर्शाने चालू करण्याची शक्ती असल्यामुळे खेळयंत्रांच्या दुकानात कामही मिळते. काळे कपडे घातलेले दोन श्वेतवर्णीय पुरुष त्याच्या मागावर येतात. तो त्यांच्या ग्रहावरून पळालेला गुलाम आहे, हे प्रेक्षकाच्या क्रमाक्रमाने ध्यानात येते.

एलिस बेटाची निवड अर्थपूर्ण आहे. १८९२ ते १९५४ ह्या काळात सुमारे एक कोटी वीस लाख माणसांनी ह्या बेटावरील तपासणी-केंद्रातून अमेरिकेत प्रवेश केला. अमेरिका हे देशांतर करून आलेल्यांचे राष्ट्र आहे, ह्या राष्ट्रीय कथेचे ते प्रतीक. परंतु अमेरिकेतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे पूर्वज ह्या दाराने आलेलेच नाहीत. ते साखळदंडांत, दक्षिणेच्या बंदरांतून, फार आधी आणले गेले. चित्रीकरणाच्या वेळी ओस पडलेल्या त्या इमारतीत नायक भिंतीला आणि बाकाला हात लावतो, तेव्हा तेथे पूर्वी बसलेल्या माणसांचे निरनिराळ्या भाषांतील आवाज त्याला ऐकू येतात आणि तो कळवळून हात काढून घेतो. ज्या कथेत त्याच्या वर्णाच्या माणसांना स्थान नाही, तिचे सगळे दुःख तो ऐकू शकतो. एवढ्या एका प्रसंगात सेल्सने दोन इतिहास समोरासमोर उभे केले आहेत.

अमेरिकन कायद्यात 'एलियन' हा शब्द परदेशी नागरिकासाठी वापरला जातो आणि बोलभाषेत तोच परग्रहवासीयासाठी. मराठीतील 'परका' हा शब्द ह्या दोहोंना व्यापू शकेल. चित्रपटाची सारी विनोदबुद्धी ह्या श्लेषावर उभी आहे. 'ब्रदर' हा शब्दही असाच. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात तो आपल्या समाजातील कोणाही पुरुषाला उद्देशून वापरतात. म्हणजे शीर्षकात नायक एकाच वेळी परका आहे आणि भाऊ आहे. परग्रहावरून आलेल्याला हार्लेम भाऊ म्हणते, आणि त्याच नगरीचा उर्वरित भाग हार्लेमवासीयांना परके मानतो, हा विरोध चित्रपट कोठेही व्याख्यान न देता दाखवितो.

रूपकाचा सर्वांत स्पष्ट उलगडा संग्रहालयातील प्रसंगात होतो. पळून जाणाऱ्या गुलामाचे एक चित्र पाहून नायक त्या चित्राकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवितो, आणि अंगठा आकाशाकडे करतो. १८५० च्या पलायित गुलाम कायद्यान्वये पळालेल्या गुलामाला उत्तरेच्या मुक्त राज्यांतूनही पकडून परत नेता येत असे. गुलामांना लपवीत-छपवीत उत्तरेकडे व कॅनडात पोचविणारी जी गुप्त साखळी होती, तिला 'भूमिगत रेल्वे' असे सांकेतिक नाव होते. न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या भुयारी रेल्वेने हिंडणारा हा नायक त्या नावाची आठवण करून देतो. चित्रपटाच्या शेवटी त्याच्यासारखेच पळून आलेले इतर लोक गर्दीतून पुढे येतात आणि शिकारी नाहीसे होतात. एकट्या वीराच्या पराक्रमाने नव्हे, तर आजवर अदृश्य असलेल्या समूहाच्या प्रकट होण्याने संकट टळते. अद्भुतपटाच्या रूढ रचनेपासून हा अंत बराच वेगळा आहे.

मौन आणि श्रवण

नायक मुका असणे हा चित्रपटाचा सर्वांत वादग्रस्त विशेष म्हटला पाहिजे. त्याचा पहिला परिणाम असा की, बोलण्याचा सर्व भार इतरांवर पडतो. मद्यगृहातील नित्याचे गिऱ्हाईक त्याच्या मौनाचे नाना अर्थ लावतात. तो बहिरा असावा, वेडा असावा, परदेशी असावा, असे तर्क चालतात. ज्याला जे ठाऊक आहे, त्याप्रमाणे तो त्याला समजून घेतो. अशा रीतीने नायकाविषयी फारसे कळत नसले, तरी बोलणाऱ्यांविषयी पुष्कळ कळते. खेळयंत्रांच्या दुकानातील स्पॅनिशभाषी सहकारी त्याच्याशी स्पॅनिशमध्येच बोलत राहतो. त्याला समजते की नाही, ह्याची त्या सहकाऱ्याला फिकीर नाही. ऐकणारा मिळाला, एवढे त्याला पुरेसे आहे.

उपस्थितीच्या दृष्टीने पाहता हा चित्रपट वैविध्याचे उत्तम उदाहरण ठरतो. परंतु हे वैविध्य यादी करून भरलेले नाही. हार्लेम हा एकजिनसी समाज आहे असे चित्रपट मानीत नाही. तेथे दक्षिणेतून आलेले वृद्ध आहेत, कॅरिबियन बेटांवरून आलेला रास्ताफारी आहे, समाजकल्याण खात्यातील कर्मचारी आहे, एक गायिका आहे, कोरियन दुकानदार आहे, आणि कृष्णवर्णीय पित्याच्या मुलाला वाढविणारी श्वेतवर्णीय आईही आहे. ही माणसे एकमेकांशी भांडतात, एकमेकांविषयी पूर्वग्रह बाळगतात. अल्पसंख्य समाजाचे चित्रण करताना त्याला निर्दोष दाखविण्याचा जो मोह सद्हेतूने होतो, तो येथे टाळला आहे.

दोन प्रसंग विशेष उल्लेखनीय आहेत. भुयारी रेल्वेत एक तरुण श्वेतवर्णीय जादूगार नायकाला पत्त्यांची करामत दाखवितो, आणि शेवटी सांगतो की, आता डब्यातील सर्व गोरे लोक नाहीसे करून दाखवितो. गाडी एकोणसाठाव्या रस्त्याच्या स्थानकावर थांबते, दारे उघडतात आणि गोरे प्रवासी उतरून जातात. तेथून ही जलद गाडी थेट हार्लेममधील एकशेपंचविसाव्या रस्त्यापर्यंत थांबत नाही. येथे चमत्कार काहीच नाही. आहे ते केवळ रेल्वेचे वेळापत्रक आणि नगराची वर्णवार विभागणी. परंतु रोज घडणारी गोष्ट जादू म्हणून सांगितल्यामुळे तिचे विलक्षणपण प्रथमच दिसते. दुसऱ्या प्रसंगात रस्ता चुकलेले दोन गोरे प्रवासी मद्यगृहात येऊन बसतात. भीतीने अंग चोरून बसलेले ते दोघे हळूहळू मोकळे होतात आणि नायकाशी मनातले बोलू लागतात. आपल्याच देशातील एका नगराच्या एका भागात ते परग्रहावर आल्याप्रमाणे वावरतात. परका कोण, हा प्रश्न येथे उलटा फिरतो.

प्रौढ प्रेक्षकांसाठी हा चित्रपट का, ह्याचे उत्तर त्यातील हेरॉइनच्या प्रकरणात मिळते. गल्लीत एक तरुण त्या विषाने मेलेला नायकाला आढळतो. ह्या मृत्यूचा माग काढीत तो हार्लेमच्या बाहेर, उंच इमारतीतील एका प्रतिष्ठित श्वेतवर्णीय व्यापाऱ्यापर्यंत जातो. स्वतःचा डोळा काढून ठेवून त्याने दृश्ये टिपून घेण्याची शक्ती नायकाजवळ आहे, आणि तो त्या व्यापाऱ्याला टिपलेले दृश्य पाहावयास लावतो. अद्भुत शक्तीचा हा उपयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ती शत्रूला जाळण्यासाठी वापरलेली नसून, ज्याने पाहण्याचे टाळले त्याला पाहावयास लावण्यासाठी वापरली आहे.

छायाचित्रण आणि वर्ण

प्रतिनिधित्वाचा प्रश्न केवळ कथेत नसतो. तो रसायनातही असतो. गेल्या शतकाच्या मध्यापासून कित्येक दशके कोडॅक कंपनीच्या रंगीत छायाचित्रांची छपाई ज्या नमुना-पत्रांवरून जुळविली जात असे, त्यांवर श्वेतवर्णीय स्त्रीचे चित्र असे. 'शर्ली कार्ड' ह्या नावाने ती ओळखली जात. तिची त्वचा योग्य उतरली म्हणजे रंग योग्य उतरले, असे गृहीत होते. परिणामी गडद त्वचेच्या माणसांचे चेहरे छायाचित्रांत पुष्कळदा तपशील हरवून केवळ काळे दिसत. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नव्हती. ज्या माणसाला प्रमाण मानले, त्याच्याबाहेरची माणसे अपवाद ठरली, एवढेच झाले. आणि तेच पुरेसे होते.

चित्रपटाच्या छायाचित्रकाराला हा दोष प्रकाशयोजनेने भरून काढावा लागतो. गडद त्वचा प्रकाश कमी परावर्तित करते. म्हणून समोरून भरपूर प्रकाश टाकण्यापेक्षा बाजूने येणारा मृदू प्रकाश आणि त्वचेवरील चकाकी ह्यांच्या साहाय्याने चेहऱ्याचे उंचसखलपण दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. डिकरसनची ख्याती पुढे ह्याच कौशल्यासाठी झाली. स्पाइक ली ह्या दिग्दर्शकाच्या 'शी'ज गॉटा हॅव इट' (१९८६), 'डू द राइट थिंग' (१९८९) आणि 'माल्कम एक्स' (१९९२) ह्या चित्रपटांचे छायाचित्रण त्याचेच. 'द ब्रदर'मध्ये नायक बोलत नसल्यामुळे चित्रपटाचा निम्मा अर्थ मॉर्टनच्या चेहऱ्यावर लिहिलेला आहे. तो चेहरा नीट दिसला नसता, तर पटकथेतील सर्व सहृदयता वाया गेली असती. सहृदयतेला तंत्राची जोड नसेल तर चित्रण पडद्यापर्यंत पोचत नाही.

दोन पूर्वसूरी

जॉर्ज रोमेरो ह्यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पिट्सबर्गच्या परिसरात सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर खर्चून निघाला. त्यातील बेन ह्या नायकाचा वर्ण पटकथेत सांगितलेला नव्हता. डुएन जोन्स ह्या कृष्णवर्णीय नटाची निवड, रोमेरो ह्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्याची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून झाली. मूळ पटकथेतील बेन हा अशिक्षितासारखा बोलणारा होता. जोन्सने त्याची भाषा सुधारून त्याला विचारी आणि संयमी केले. चित्रपटाच्या शेवटी रात्रभर जिवंत राहिलेला बेन मदतीस आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मरतो. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या हत्येनंतर सहाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, हा चित्रपट प्रदर्शित झाला. लेखकाने योजिला नव्हता असा अर्थ नटाच्या उपस्थितीने कथेत आला. येथे उपस्थिती योगायोगाची होती आणि चित्रणाला उंची आली ती नटामुळे. प्रतिनिधित्व मात्र कोणी कोणाला दिले नव्हते, ते नटाने आपल्या संवादांपुरते घेतले.

'गांजा अँड हेस'ची कथा वेगळी आहे. बिल गन ह्या कृष्णवर्णीय लेखक-दिग्दर्शकाकडे निर्मात्यांनी मागितला होता तो कृष्णवर्णीय पात्रांचा, गल्ला जमविणारा रक्तपिपासू भुताचा चित्रपट. गनने त्या चौकटीत व्यसन, श्रद्धा आणि आफ्रिकी वारसा ह्यांविषयीचे गंभीर चिंतन मांडले. नायक हेस हा मानवशास्त्रज्ञ, आणि ती भूमिका करणारा नट पुन्हा डुएन जोन्सच. ह्या चित्रपटाचा खर्चही सुमारे साडेतीन लाख डॉलर, म्हणजे 'द ब्रदर'एवढाच होता. १९७३ मध्ये कान येथील समीक्षक-सप्ताहात तो दाखविला गेला. परंतु अपेक्षित माल मिळाला नाही म्हणून तो दिग्दर्शकाच्या हातून काढून घेण्यात आला, कापण्यात आला आणि 'ब्लड कपल'सारख्या अन्य नावांनी विकण्यात आला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मूळ प्रत राहिल्यामुळेच त्याचे खरे रूप पुढच्या पिढ्यांना पाहावयास मिळाले.

एकाच रकमेत निघालेल्या ह्या दोन चित्रपटांची तुलना उद्बोधक आहे. गनच्या चित्रपटात लेखक, दिग्दर्शक आणि नायक हे तिघेही कृष्णवर्णीय होते. तरीही त्याची कृती त्याच्या हाती राहिली नाही. सेल्स श्वेतवर्णीय होता. परंतु पैसा त्याचा स्वतःचा असल्यामुळे त्याच्या चित्रपटातील एका चौकटीलाही कोणी हात लावू शकले नाही. अंतिम संकलनाचा अधिकार हा प्रतिनिधित्वाचा असा घटक आहे, जो पडद्यावर कधीच दिसत नाही आणि म्हणून गणनेत येत नाही.

आक्षेप

'द ब्रदर'वर घेता येण्याजोगा मुख्य आक्षेप त्याच्या मौनाविषयीच आहे. श्वेतवर्णीय लेखकाने कृष्णवर्णीय नायक निर्माण केला आणि त्याची वाचाच काढून घेतली, ही गोष्ट सोयीची नव्हे काय? जो बोलत नाही त्याचे मन चुकीचे लिहिले जाण्याचा धोका राहत नाही. शिवाय तो जखमा बऱ्या करतो, यंत्रे बरी करतो, कोणावर फारसा रागावत नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा चमत्कारी कृष्णवर्णीय हा हॉलिवूडचा जुना साचा आहे, आणि २००१ मध्ये स्पाइक ली ह्यांनी आपल्या विद्यापीठीय व्याख्यानांतून त्याची उपहासपूर्वक चिकित्सा केली होती.

ह्या आक्षेपात तथ्य आहे. तथापि दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्या साच्यात चमत्कारी पुरुषाची शक्ती गोऱ्या नायकाच्या उद्धारासाठी खर्ची पडते, आणि त्याचे स्वतःचे काही ध्येय नसते. येथे गोरा नायकच नाही. शक्ती खर्च होते ती शेजाऱ्यांसाठी, आणि नायकाचे ध्येय स्वतःचे स्वातंत्र्य हे आहे. दुसरी गोष्ट अशी की, त्याच्या मागावर असलेल्या दोन शिकाऱ्यांपैकी एकाची भूमिका स्वतः सेल्सने केली आहे. दुसरा डेव्हिड स्ट्रॅथर्न. परक्या वस्तीत येऊन तेथील माणसाचा शोध घेणाऱ्या, त्याची चौकशी करणाऱ्या गोऱ्या माणसाची जागा दिग्दर्शकाने स्वतःसाठी निवडली, ह्यात आपल्या स्थानाची काही जाण दिसते. ती जाण असल्याने आक्षेप पूर्णतः दूर होतो असे मात्र म्हणता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर चित्रपट अधिकच उणा आहे. डी डी ब्रिजवॉटर ह्या नामवंत गायिकेने केलेली माल्व्हर्न डेव्हिसची भूमिका नायकाच्या आयुष्यात एक रात्र येते आणि जाते. हार्लेमविषयी सर्वाधिक बोलतात ते मद्यगृहातील पुरुषच.

उपसंहार

मराठी अभ्यासकाला हा विषय अगदीच परका नाही. महात्मा फुले ह्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हे पुस्तक अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. पँथरच्या उदयाबरोबर मराठीत जो वाद ऐन भरात आला, त्याचे सार हेच होते की, सहानुभूतीने केलेले चित्रण आणि स्वतःच्या वाणीने केलेले कथन ह्यांत अंतर आहे.

ह्या निकषावर पाहता तिन्ही चित्रपटांतील स्थान निश्चित करता येते. पहिल्यात नटाने पटकथेने न दिलेली जागा मिळविली. दुसऱ्यात दिग्दर्शकाला मिळालेली जागा बाजाराने हिरावून घेतली. तिसऱ्यात जागेचा मालक श्वेतवर्णीयच राहिला. परंतु ती त्याने नट, छायाचित्रकार आणि प्रत्यक्ष वस्ती ह्यांच्यासाठी बऱ्याच प्रमाणात मोकळी केली. ह्यावरून असा निष्कर्ष निघतो की, चित्रपटातील वैविध्याची परीक्षा करताना चेहऱ्यांची मोजणी ही केवळ पहिली पायरी होय. त्यापुढे कोणाला मन दिले आहे, प्रकाश कोणासाठी जुळविला आहे आणि कात्री कोणाच्या हाती आहे, हे विचारावे लागते. 'द ब्रदर'मधील नायक आकाशाकडे अंगठा करून आपण कोठून आलो ते सांगतो, आणि पाहणारा प्रत्येक जण त्याचा आपापल्या परीने अर्थ लावतो. त्याला स्वतःच्या शब्दांत ते सांगता आले असते, तर तो चित्रपट कसा झाला असता, हा प्रश्न सेल्सची कृती अनुत्तरित ठेवते. त्याच्याच छायाचित्रकाराने १९९२ मध्ये 'जूस' हा हार्लेममधील तरुणांविषयीचा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, आणि त्यातील हार्लेमचे तरुण आपल्याविषयी आपल्याच तोंडाने बोलतात.